भागानगरचा जुना पूल आणि भागमतीची कथा

हैदराबाद शहरीं मुसी नदीवर जे पूल आहेत, त्यांपैकीं सर्वांत जुना पूल 'पुराना पूल' याच नांवानें प्रसिद्ध आहे. गोवळकोंड्याचा कुतुबशाही सुलतान इब्राहीम (राज्यकाल इ. स. १५५०-१५८०) यानें तो इ. स. १५७८ मध्यें बांधविला. त्याची लांबी सुमारें ६०० फूट, रुंदी ३५ फूट, नदीच्या तळापासून उंची ५४ फूट व कमानी २२, असें त्याचें मान सांगतात. हैदराबाद शहराची स्थापना इ. स. १५९१ ची. म्हणजे ज्या शहराचा पूल म्हणून आपण त्यास ओळखतों, त्या शहराहून तो तेरा वर्षांनीं वडील आहे. ही साधी गोष्ट पुष्कळ लेखकांच्या ध्यानांतून निसटते, आणि पुढील बऱ्याचशा घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे, असें आमचें मत झालें आहे.

या पुलाची जी कथा सर्वत्र सांगण्यांत येते ती अशी. इब्राहीमचा पुत्र महंमद कुली हा मुसीच्या दक्षिण तीरावरील चिचलम गांवीं राहणाऱ्या भागमती नांवाच्या नर्तकीवर अनुरक्त झाला. तिच्या भेटीसाठीं तो गोवळकोंड्याहून नदी उतरून जात असे. एके दिवशीं नदीला महापूर आला असतां त्यानें न कचरतां घोडा पाण्यांत घातला व पैलतीर गांठलें. ही वार्ता बापास कळली, तेव्हां पुत्राच्या प्राणाच्या काळजीनें त्यानें नदीवर पूल बांधविला. पुढें महंमद कुली गादीवर आल्यावर त्यानें चिचलमच्याच जागीं नवें शहर वसविलें व प्रियेच्या नांवावरून त्यास भागनगर म्हटलें. पुढें तिला 'हैदर महल' असा किताब मिळाला आणि त्याच शहराचें हैदराबाद झालें. कित्येक तर याहीपुढें जाऊन सांगतात कीं, पुलाचें मूळ नांव 'प्यारना पूल', म्हणजे प्रेमाचा पूल, असें होतें व 'पुराना' हा त्याचा अपभ्रंश होय.

कथा गोड आहे. आम्हीं स्वतः शिक्षकी पेशांत असतांना ती वर्गांत कित्येक वर्षें सांगितली, आणि सांगतांना साल व वय यांचा ताळा एकदांही पाहिला नाहीं, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेख त्या चुकीचें परिमार्जन म्हणून लिहीत आहों. परंतु एक चूक दुरुस्त करण्याच्या भरांत दुसरी पदरीं येऊं नये, याचीही काळजी घेतली पाहिजे. भागमतीविषयीं आजवर विद्वानांत दोन पक्ष पडले आहेत. मोहिउद्दीन कादरी जोर यांनीं तिची हकीकत खरी मानली. उलट हारून खान शेरवानी यांनीं ती सर्वस्वीं काल्पनिक ठरविली. वाचकवर्ग मात्र या वादांत एका पक्षानें कथा सबंध घ्यावी व दुसऱ्यानें ती सबंध टाकावी, असें समजून चालतो. वास्तविक येथें तीन निरनिराळे प्रश्न आहेत. भागमती नांवाची स्त्री होती काय? शहराचें नांव तिच्यावरून पडलें काय? आणि पूल तिच्याकरितां बांधला काय? या तिहींचीं उत्तरें एकच आलीं पाहिजेत, असा कांहीं नियम नाहीं. म्हणून आम्ही त्यांचा एकेकटा विचार करणार आहों.

प्रथम पुलाचा प्रश्न घेऊं. महंमद कुलीचा जन्म इ. स. १५६५ चा, म्हणजे ज्या वर्षीं राक्षसतागडीची लढाई होऊन विजयनगरचा पाडाव झाला त्याच वर्षाचा. पूल पुरा झाला तेव्हां त्याचें वय तेरा वर्षांचें होतें. शिवाय बावीस कमानींचा दगडी पूल एका हंगामांत उभा राहत नाहीं. पाया खणणें, खांब नदीच्या पाण्यावर काढणें, कमानी वळविणें, यांस कांहीं वर्षें लागावयाचीं. तेव्हां पुलाचा हुकूम सुटला त्या वेळीं हा प्रियकर दहा-अकरा वर्षांचा असला पाहिजे. आतां कोणी म्हणेल कीं, १५७८ हें सालच चुकीचें असेल. आम्ही तेंही क्षणभर मान्य करतों. परंतु पूल बापानें बांधला, हें तर कथेचेंच सांगणें आहे, आणि बाप इ. स. १५८० त वारला. म्हणजे साल कसेंही पुढें ओढलें तरी तें १५८० च्या पलीकडे जात नाहीं व राजपुत्राचें वय पंधराच्या वर चढत नाहीं. पूल महंमद कुलीनेंच आपल्या राज्यांत बांधला असें म्हणावें, तर काळजी करणारा बाप नाहींसा होतो, व बापाबरोबर कथेचा प्राणही जातो. तात्पर्य, ही कथा बाहेरच्या पुराव्यानें पडण्यापूर्वीं आपल्याच वचनानें पडते. न्यायशास्त्रांत ज्यास वदतोव्याघात म्हणतात, त्याचें हें चांगलें उदाहरण होय.

येथवर निर्णय सोपा आहे. पण पुष्कळ टीकाकार याच ठिकाणीं घाई करतात. पुलाची कथा खोटी ठरली, सबब भागमतीही खोटी, असें त्यांचें अनुमान असतें. हें अनुमान बरोबर नाहीं. कारण पुलाची कथा व भागमतीचा उल्लेख हीं दोन्ही एका वयाचीं नाहींत. फैजी हा अकबराचा वकील म्हणून इ. स. १५९१ नंतर दक्षिणेंत होता. गोवळकोंड्याच्या राजानें भागनगर नांवाचें शहर वसविलें व तें भागमती नांवाच्या आपल्या जुन्या रखेलीच्या नांवावरून, असें त्यानें बादशहास कळविलें. निजामुद्दीन अहमद याच्या 'तबकात-इ-अकबरी' या सुमारें इ. स. १५९४ च्या ग्रंथांत हीच गोष्ट येते. त्यानंतर विजापुरीं बसून लिहिणारा फिरिश्ता ती सांगतो, आणि राजास पुढें पश्चात्ताप होऊन त्यानें शहराचें नांव बदललें, अशी पुरवणी जोडतो. या तिघांपैकीं कोणीही भागमतीची हकीकत सांगतांना पुलाशीं तिचा संबंध जोडीत नाहीं. म्हणजे भागमतीचें नांव शहराच्या जन्माबरोबर लेखांत येतें, पूल मात्र कथेंत मागाहून शिरतो.

तीन समकालीन साक्षी मिळाल्या म्हणून कथेचे कैवारी हर्षतात. आम्हांस त्यांचा हर्ष अकालीं वाटतो. जुन्या ग्रंथांच्या पाठनिर्णयाचा ज्यांस थोडा परिचय आहे, त्यांस ठाऊक आहे कीं पोथ्या मोजावयाच्या नसतात, त्यांचीं कुळें मोजावयाचीं असतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढली, तिच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत (इ. स. १९३३) सुकथनकरांनीं हें तत्त्व जितकें स्पष्ट मांडलें आहे तितकें क्वचितच कोठें आढळेल. एका मूळ पोथीवरून उतरलेल्या पन्नास प्रती म्हणजे एकच साक्ष होय. तेंच येथें लावून पाहूं. फैजी व निजामुद्दीन हे दोघेही एकाच अकबरी दरबारचे. एकाची वार्ता दुसऱ्याच्या कानीं गेली नसेलच, असें म्हणवत नाहीं. फिरिश्त्यानें तर 'तबकात' हा आपल्या आधारग्रंथांपैकीं एक म्हणून स्वतःच सांगितला आहे. तेव्हां तीन साक्षींची कदाचित् दीडच साक्ष उरते. शिवाय तिघेही गोवळकोंड्याबाहेरचे, आणि मोंगल दरबारची दृष्टि त्या राज्याविषयीं निर्मळ नव्हती. रखेलीच्या नांवानें राजधानी वसविली, हें शेजाऱ्यानें सांगावयास आवडेल असेंच दूषण आहे.

उलट पक्षाचा मुख्य आधार मौनाचा आहे. इ. स. १६१७ च्या सुमारास पुरी झालेली 'तारीख-इ-महंमद कुतुबशाह' ही गोवळकोंड्याची दरबारी तवारीख भागमतीचें नांव घेत नाहीं. स्वतः महंमद कुली हा दखनी भाषेचा मोठा कवि. त्याचा काव्यसंग्रह इ. स. १९४० मध्यें जोर यांनींच संपादून प्रसिद्ध केला, आणि त्यांत अनेक प्रियांचीं नांवें असूनही भागमतीचें नाहीं. नाण्यांवर नांव आहे तें हैदराबाद हेंच. हा पुरावा वजनदार खरा, परंतु मौनास किंमत देतांना बोलण्याचा प्रसंग व बोलणाराची सोय हीं दोन्ही पाहिलीं पाहिजेत. तवारीख लिहिली गेली ती महंमद कुलीचा पुतण्या व जामात महंमद कुतुबशहा याच्या राज्यांत. सासऱ्याची नर्तकी त्या ग्रंथांत न येणें हें स्वाभाविकच होय. नाण्यावर तर राजा आपल्या पसंतीचें अधिकृत नांवच घालणार. बाजारांत लोक काय म्हणतात तें टांकसाळ कधींच नोंदीत नाहीं. काव्याचें मौन त्या मानानें अधिक बोलकें आहे, हें आम्ही मान्य करतों. तेवढ्यावरून मात्र 'ती नव्हतीच' असें म्हणण्याचें धाडस आमच्यानें होत नाहीं.

आतां एका मौनाकडे लक्ष वेधावयाचें आहे, कारण तें पुलासंबंधींच आहे. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गोवळकोंड्यास येऊन गेला. नदीच्या अलीकडे व्यापाऱ्यांची लांबच लांब वस्ती, मग पूल, व पूल ओलांडल्यावर राजपुरुषांचें शहर, असा क्रम तो देतो. पूल पाहून त्यास पॅरिस येथील 'पाँ नफ' आठवतो, व त्याहून हा फारसा उणा नाहीं असें तो म्हणतो. योगायोग असा कीं, त्या फ्रेंच पुलाची पायाभरणीही इ. स. १५७८ मध्येंच झाली. हाच गृहस्थ शहराच्या उत्पत्तीविषयीं लिहितो कीं, राजानें आपल्या 'नगर' नांवाच्या आवडत्या स्त्रीच्या आग्रहावरून तें वसविलें, पूर्वीं तेथें राजाच्या बागा होत्या, म्हणून 'बाग-नगर', म्हणजे नगरची बाग. स्त्रीचें नांव त्यानें गमावलें, पण स्त्री गमावली नाहीं. बाग व प्रिया अशीं दोन्ही पाठांतरें त्याच्या एका वाक्यांत एकमेकांत मिसळलीं आहेत. ज्यास अशा प्रेमकथेची इतकी आवड, तो पुलाची वाखाणणी करून पुढें जातो व पुलाची प्रेमकथा सांगत नाहीं. तेव्हां ती त्या काळीं बाजारांत ऐकूं येत नसावी, असें मानणें अवश्य होतें.

पुलाच्या नांवाचा विचारही याच दिशेस जातो. 'पुराना' हें सापेक्ष विशेषण आहे. दुसरा नवा पूल होईपर्यंत पहिल्यास कोणी जुना म्हणत नाहीं. मुसीवर चादरघाटचा पूल इ. स. १८३१ मध्यें झाला, त्यानंतर अफजलगंजचा झाला व त्यास तर 'नया पूल' असेंच म्हणूं लागले. त्या नव्याच्या जोडीनें हा पुराना झाला, यांत गूढ कांहींच नाहीं. 'याराना', 'दोस्ताना' यांच्या धर्तीवर 'प्याराना' असा शब्द बनूं शकेल हें खरें, पण बनूं शकणें व बनणें यांत अंतर आहे. सरळ अर्थ लागत असतां वांकडा अपभ्रंश कल्पिणें हें निरुक्ताच्या कोणत्याच संप्रदायांत बसत नाहीं. पॅरिसच्या त्या पुलाच्या नांवाचा अर्थ 'नवा पूल', आणि आज तोच त्या शहरांतील सर्वांत जुना पूल आहे. नांव पडतें त्या दिवसाच्या गरजेपुरतें, पुढें तें तसेंच राहतें.

आतां शहराच्या नांवाकडे वळूं. येथें आमच्या वाचकांच्या हातांत एक असें साधन आहे, ज्याचा या वादांत म्हणावा तसा उपयोग झालेला आम्हांस दिसत नाहीं. तें साधन म्हणजे मराठी कागद. शेरवानी प्रभृतींचें म्हणणें असें कीं, मूळ शब्द फारशी 'बाग', म्हणून बाग-नगर, आणि भागमती ही त्या शब्दाच्या अपभ्रंशावर मागाहून उभारलेली मूर्ति. आतां मराठी लेखक या शहरास काय म्हणतात तें पाहावें. इ. स. १६७७ मध्यें शिवछत्रपति कुतुबशहाच्या भेटीस गेले, तें ठिकाण सभासदाच्या बखरींत (इ. स. १६९४) 'भागानगर' असें येतें. पुढें पेशवेकालीन पत्रव्यवहारांत, निजामाच्या दरबारीं असलेल्या वकिलांच्या बातम्यांत, तेंच रूप चालतें. आमच्या लेखकास 'बाग' हा शब्द परका नव्हता. पुण्यांत हिराबाग झाली, सारसबाग झाली, पण त्यांची 'हिराभाग' किंवा 'सारसभाग' कोणी केली नाहीं. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नसतो हें खरें, परंतु ब आणि भ हीं अक्षरें वेगळींच आहेत. तेव्हां मराठी कानांस हा शब्द 'भाग' असा ऐकूं येत होता, 'बाग' असा नव्हे, एवढें निश्चयानें म्हणतां येतें.

पण येथेंच थांबलें पाहिजे. 'भागा' हें आपल्याकडे बायकांचें नेहमींचें नांव आहे. भागानगर म्हणजे भागेचें नगर, असा अर्थ आमच्या मनांत प्रथमदर्शनींच आला, व क्षणभर आम्हांस वाटलें कीं वादाचा निकाल लागला. शांतपणें विचार करतां तसें नाहीं. सभासद शहराच्या स्थापनेनंतर शंभर वर्षांनीं लिहितो. शिवाय बखरीच्या मूळ हस्ताक्षराची प्रत आपल्यापुढें नाहीं, नकलांवरून छापलेला पाठ आहे. आणि 'भाग' याचा अर्थ भाग्य असाही होतो, त्यावरूनच शहरास भाग्यनगर असें संस्कृत रूप मिळालें. राजधानीस भाग्याचें नांव देणें यांत अशक्य कांहींच नाहीं. म्हणजे मराठी साक्ष बागेच्या विरुद्ध जाते, पण तेवढ्यानें ती भागमतीच्या बाजूनें उभी राहत नाहीं. लोक काय म्हणत होते तें ती सांगते. कां म्हणत होते तें सांगत नाहीं. इ. स. १६६६-६७ च्या सुमारास आलेला दुसरा फ्रेंच प्रवासी थेव्हेनो लिहितो कीं, शहरास बागनगर म्हणतात व इराणी लोक हैदराबाद म्हणतात. एकाच वेळीं एकाच शहरास दोन समाज दोन नांवांनीं हाक मारीत होते. तेव्हां फिरिश्त्याचा तो पश्चात्तापाचा प्रसंग नांवबदलाच्या स्पष्टीकरणासाठीं आवश्यक राहत नाहीं. 'हैदर महल' हा किताबही त्याच मासल्याचा दिसतो, कारण हैदर हें हजरत अलींचें नांव, आणि शियापंथी राजास राजधानीला तें देण्यास दुसऱ्या कारणाची गरज नव्हती. पूल, भागनगर व हैदराबाद या तिहींचीं नांवें व कारणें एकाच स्त्रीच्या पदरीं घालणारी कथा इतिहासाची नसून कथेच्या स्वभावाची साक्ष देते. कथेस सुटा धागा खपत नाहीं.

मग पूल कां बांधला? याचें उत्तर रस्ता देतो. गोवळकोंड्याच्या किल्ल्याकडून पुलाकडे येणारी वाट ज्या वस्तींतून येते, तिचें नांव कारवान, म्हणजे तांड्यांचा मुक्काम. हिऱ्यांचे व कापडाचे व्यापारी येथें उतरत. नदी ओलांडल्यावर दक्षिण तीरानें पूर्वेकडे जाणारी वाट मच्छलीपट्टणच्या बंदरास जाऊन मिळे. इ. स. १५६५ नंतर गोवळकोंड्याचें राज्य वाढलें, किल्ल्यांत वस्ती मावेना, व्यापार फुगला. इब्राहीम तर तलाव व बांधकामें यांसाठीं प्रसिद्धच होता. हुसेनसागर त्याच्याच कारकीर्दींत झाला. अशा राजानें नदीवर बारमाही वाट करावी यासाठीं मुलाच्या प्रेमाची आवश्यकता काय? पूल झाला, दक्षिण तीर राजधानीस जोडला गेला, आणि म्हणूनच तेरा वर्षांनीं महंमद कुलीस त्या तीरावर चारमिनार उभारून नवें शहर आंखतां आलें. शहरासाठीं पूल झाला नाहीं, पुलामुळें शहर झालें. कथेनें या कार्यकारणाची उलथापालथ केली आहे.

आज मुसीचें पात्र पाहणारास त्या पुलाची थोरवी सहज कळत नाहीं, कारण वर उस्मानसागर (इ. स. १९२०) व हिमायतसागर (इ. स. १९२७) हे तलाव झाल्यापासून नदी रोडावली आहे. परंतु २८ सप्टेंबर १९०८ रोजीं जो प्रलय झाला, त्यांत अफजलगंज, मुसल्लमजंग व चादरघाट हे तिन्ही पूल निकामी झाले, आणि शहराचे दोन भाग जोडणारा दुवा असा हा तीन शतकांवरचा जुना पूलच कायतो उरला. महापुरांत घोडा घालणाऱ्या राजपुत्राची गोष्ट आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली. महापुरांत उभ्या राहिलेल्या या दगडांची, ते रचणाऱ्या गवंड्यांची गोष्ट एकदांही सांगितली नाहीं. कथेनें आमची दिशाभूल केली ती हीच; भागमतीस खरें कीं खोटें मानलें, ही नव्हे.

सारांश, तीन प्रश्नांचीं तीन उत्तरें आम्ही येणेंप्रमाणें देतों. पूल भागमतीसाठीं बांधला, हें असिद्ध नव्हे तर असंभाव्य आहे. शहराचें लोकांतील नांव 'भाग'युक्त होतें हें मराठी कागदांवरून दृढ होतें, परंतु तें कोणावरून किंवा कशावरून पडलें हें त्यांवरून ठरत नाहीं. आणि भागमती ही व्यक्ति समकालीन पण बाहेरच्या व बहुधा परस्परावलंबी साक्षींवर उभी आहे. तिला इतिहासांतून हांकलण्याचा अधिकार आपणांस नाहीं, व तिच्या नांवावर पूल चढविण्याचाही नाहीं.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. आपल्या दप्तरांत, हुंड्यांत, यात्रेच्या टिपणांत किंवा वकिली पत्रांत या शहराचा सभासदापूर्वींचा उल्लेख आढळल्यास त्यांतील पहिलें अक्षर ब आहे कीं भ आहे, दुसरें हैदराबाद हें नांव सोबत आहे काय, व नदी उतरल्याचा किंवा पुलाचा निर्देश कोणत्या शब्दानें केला आहे, हें मूळ मोडीबरहुकूम, शुद्धलेखन न सुधारतां, उतरून घ्यावें. नक्कल करतांना आपल्यास ठाऊक असलेलें रूप हातून लिहिलें जाणें फार सोपें असतें, आणि या वादाचा पुढील निर्णय अशाच एखाद्या अक्षरावर अवलंबून राहणार आहे.